मांडाचे राजे आणि आमच्या दाखल्यावरचा रकाना

या स्मरणिकेसाठी १९९१ च्या दहावीच्या तुकडीने काही लिहावे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा आम्ही बरेच दिवस विषयावरच अडून राहिलो. पहाटेची घंटा, थंडीत विहिरीवरची अंघोळ, विहारातील त्रिशरण-पंचशील, डाळीत पाणी किती आणि पाण्यात डाळ किती यावरचे आमचे वाद, हे सारे आमच्या आधीच्या तुकड्यांनी मागच्या स्मरणिकांत लिहून ठेवले आहे, आणि आमच्यापेक्षा चांगले लिहिले आहे. शेवटी ठरले ते असे की, ज्या गृहस्थाने या विद्यालयाच्या पायरीवर कधी पाऊल ठेवले नाही, ज्याची तसबीर आपल्या सभागृहात नाही, पण ज्याच्या कारकिर्दीने आमच्या आयुष्यातील एक जुना गुंता सोडवला, त्याच्याविषयी लिहावे. ते गृहस्थ म्हणजे भारताचे माजी पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह.

आजच्या विद्यार्थ्यांना हे नाव कदाचित सामान्यज्ञानाच्या पुस्तकातील यादीत भेटले असेल. आम्हांला ते भेटले शाळेच्या कार्यालयात, दाखल्यावरच्या एका रकान्यात.

जून १९९० मध्ये शाळा उघडली तेव्हा मुख्याध्यापकांनी दहावीच्या पालकांची सभा बोलावली. विषय जातीच्या दाखल्यांचा होता. पालक म्हणजे आमचे वडील आणि काही ठिकाणी आई किंवा मामा. त्या सभेत दोन पालक एकमेकांकडे पाठ करून बसले होते. दोघेही एकाच गावचे, एकाच वस्तीतले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपापल्या वडिलांचे बोट धरून दीक्षा घेतलेले. त्यांतील एकजण पुढे केंद्र सरकारच्या दारूगोळा कारखान्यात कामगार झाले. दुसऱ्यांचीही रेल्वेत निवड व्हायची होती, पण ते गावातच विड्या वळत राहिले. फरक एवढाच होता की पहिल्यांनी तहसील कचेरीत 'हिंदू महार' असे लिहून दिले होते आणि दुसऱ्यांनी ते लिहून द्यायचे नाकारले होते. त्यानंतर वीस-बावीस वर्षे हे दोघे एकमेकांशी बोलले नव्हते. त्यांचे मुलगे मात्र आमच्या खोलीत शेजारी-शेजारी झोपत आणि एकाच साबणाने कपडे धूत.

हा प्रकार केवळ त्या दोघांचा नव्हता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात असे कलम होते की हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शीख धर्माची भर पडली. त्याच वर्षी बाबासाहेबांनी आपल्या लाखो अनुयायांसह बुद्धाचा मार्ग स्वीकारला, आणि आमचे आजोबा-आजी एका दिवसात, केंद्र सरकारच्या दृष्टीने, अस्पृश्यतेचा इतिहासच नसलेले नागरिक झाले. गावाच्या दृष्टीने मात्र ते जिथे होते तिथेच होते. पाणवठा वेगळा, चहाचा कप वेगळा. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर, यशवंतराव चव्हाणांच्या काळात, राज्यापुरत्या सवलती बौद्धांना मिळाल्या आणि आपल्यासारख्या वसतिगृहांत मुले शिकू लागली. पण रेल्वे, टपाल, बँका, केंद्राचे कारखाने आणि संसदेच्या राखीव जागा यांची दारे बंदच राहिली. त्या दारांतून आत जायचे तर कागदावर पुन्हा हिंदू व्हावे लागे. घरात बुद्धवंदना आणि कपाटात 'हिंदू' असा दाखला, हे आमच्या वडिलांच्या पिढीचे गुपित होते. ज्यांनी तसे केले त्यांना आम्ही कोणत्या तोंडाने दोष द्यावा? त्यांच्याच पगारातून वस्तीतल्या विहाराची वर्गणी भरली जात होती. आणि ज्यांनी केले नाही, त्यांच्या मुलांनी उपाशी राहून तत्त्वाची किंमत चुकवली, हेही आम्ही पाहिले आहे.

मुख्याध्यापकांनी त्या सभेत सांगितले की संसदेने कायदा केला आहे. हिंदू आणि शीख यांच्याबरोबर आता 'बौद्ध' हा शब्द आला आहे. यापुढे केंद्राच्या सवलतीसाठी कोणाला धर्म लपवावा लागणार नाही. सभागृहात टाळ्या वाजल्या नाहीत, हे आम्हांला स्पष्ट आठवते. कारखान्यातले ते पालक खाली मान घालून बसून राहिले. त्यांनी खिशातून एक जुने, घडी पडलेले छायाचित्र काढले, ते नागपूरच्या दीक्षेच्या दिवसाचे होते, आणि पुन्हा खिशात ठेवले.

हा कायदा करणाऱ्या सरकारचे प्रमुख कोण, कोठले, याची चौकशी आम्ही त्या वयात केली नाही. नंतर वाचत गेलो, आणि आमचे आश्चर्य वाढत गेले.

विश्वनाथ प्रताप सिंह यांचा जन्म २५ जून १९३१ रोजी अलाहाबादला एका जमीनदार राजपूत घराण्यात झाला. मांडा संस्थानच्या राजांनी त्यांना लहानपणीच दत्तक घेतले आणि दहाव्या वर्षी ते मांडाचे राजे झाले. शिक्षण डेहराडूनला, मग अलाहाबाद विद्यापीठात आणि आपल्या पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातही. तेथे त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली. १९५७ मध्ये विनोबांच्या भूदान चळवळीत त्यांनी आपली चांगली पिकाऊ जमीन देऊन टाकली. कोरांव येथे विद्यालय काढले. ते चित्रे काढीत आणि हिंदीत कविता लिहीत. जन्माने मिळालेल्या गोष्टी हातून सोडण्याची ही सवय त्यांना पुढेही सुटली नाही. राजकारणात ती कधी गुण ठरली, कधी दोष.

१९६९ मध्ये ते उत्तर प्रदेशच्या विधानसभेत आणि १९७१ मध्ये फूलपूरहून लोकसभेत गेले. फूलपूर हा एकेकाळचा पंडित नेहरूंचा मतदारसंघ. १९८० मध्ये ते उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. दरोडेखोरांचा बंदोबस्त करण्याचा शब्द त्यांनी दिला होता. त्याच काळात न्यायाधीश असलेल्या त्यांच्या सख्ख्या भावाची दरोडेखोरांनी हत्या केली, आणि १९८२ मध्ये, शब्द पाळता आला नाही म्हणून, त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री म्हणून त्यांनी प्राप्तिकराचा सर्वोच्च दर पन्नास टक्क्यांवर आणला आणि त्याच वेळी करबुडव्यांवर छापे घातले. दर कमी करायचा आणि वसुली कडक करायची, हा विचार त्या काळी नवा होता. मोठमोठ्या उद्योगसमूहांना तो मानवला नाही. जानेवारी १९८७ मध्ये त्यांना संरक्षण खात्यात हलवण्यात आले. तेथे पाणबुडी खरेदीतील दलालीची चौकशी लावून एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामा दिला. मग बोफोर्सचे प्रकरण निघाले, आणि पक्षाने त्यांना बाहेर काढले. १९८८ ची अलाहाबादची पोटनिवडणूक त्यांनी मोटारसायकलवरून प्रचार करत जिंकली. आमच्या एका मोठ्या भावाने त्यावेळचे वृत्तपत्रातील त्यांचे छायाचित्र कापून पाठ्यपुस्तकाला कव्हर घातले होते, असे आमच्यातला एकजण सांगतो. खरेखोटे तोच जाणे.

डिसेंबर १९८९ मध्ये ते पंतप्रधान झाले. त्यांच्या जनता दलाच्या जागा १४३. सरकार टिकणार ते एका बाजूने भारतीय जनता पक्षाच्या आणि दुसऱ्या बाजूने डाव्या पक्षांच्या बाहेरून पाठिंब्यावर. दोन दोरांवर एकाच वेळी चालण्याचा हा खेळ होता आणि तो अकरा महिने चालला, हेच नवल. या सरकारात आपल्या कोकणचे मधू दंडवते अर्थमंत्री होते. शेतकऱ्यांची दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जे माफ करण्याची योजना त्यांच्या अर्थसंकल्पातून आली. आमच्या खोलीतील दोघांच्या घरचे सोसायटीचे कर्ज तेव्हा फिटले. ते दोघे त्या दिवशी फारच श्रीमंत असल्यासारखे वागले, आणि आम्ही त्यांच्याकडून भजी वसूल केली.

पण आपल्या समाजाला त्या अकरा महिन्यांचे देणे वेगळेच आहे. १२ एप्रिल १९९० रोजी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांच्या तैलचित्राचे अनावरण झाले. घटना तयार करणाऱ्या पुरुषाचे चित्र त्या सभागृहात लागायला चाळीस वर्षे जावी लागली, यावर आम्ही अधिक काही लिहीत नाही. १४ एप्रिलला बाबासाहेबांना मरणोत्तर 'भारतरत्न' देण्यात आला. माईसाहेबांनी तो स्वीकारला. वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या खोलीतील आकाशवाणीच्या बातम्या ऐकायला त्या दिवशी जयंतीच्या मिरवणुकीची सारी मुले निळे झेंडे हातात घेऊनच दाराशी उभी होती. बातमी अर्ध्या मिनिटाची होती. ती संपल्यावर अधीक्षकांनी रेडिओ बंद केला, आणि एका वृद्ध उपासिकेने त्या रेडिओलाच हात जोडले. आम्ही तेव्हा हसलो होतो. आता हसू येत नाही.

नंतर जूनमध्ये बौद्धांच्या सवलतींचा कायदा आला. अनुसूचित जाती आणि जमातींसाठी घटनात्मक आयोग नेमण्याची घटनादुरुस्ती याच संसदेने केली आणि राष्ट्रीय महिला आयोगाचा कायदाही केला. ऑगस्टमध्ये मंडल आले.

येथे थोडे मागे जावे लागते. मागासवर्गांची पाहणी करण्यासाठी आयोग नेमण्याची तरतूद बाबासाहेबांच्या घटनेत ३४० व्या कलमात होती. तो आयोग नेमला नाही, हे १९५१ मध्ये मंत्रिमंडळातून राजीनामा देताना त्यांनी सांगितलेल्या कारणांपैकी एक होते. त्यानंतर १९५३ मध्ये काकासाहेब कालेलकरांच्या अध्यक्षतेखाली पहिला आयोग आला. दोन वर्षांनी त्याने अहवाल दिला, पण अहवालासोबत जोडलेल्या पत्रात खुद्द कालेलकरांनीच जात हा निकष मानण्याला हरकत घेतली, आणि तो अहवाल बाजूला पडला. १९७९ मध्ये बिंदेश्वरी प्रसाद मंडल यांचा आयोग नेमला गेला. त्यांनी १९८० च्या अखेरीस अहवाल दिला आणि तोही दहा वर्षे कपाटात राहिला. ७ ऑगस्ट १९९० रोजी विश्वनाथ प्रताप सिंहांनी तो बाहेर काढून केंद्रीय नोकऱ्यांत इतर मागासवर्गांसाठी सत्तावीस टक्के जागा राखल्याची घोषणा केली.

त्यामागे राजकीय डावपेच होता, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. देवीलालांना मंत्रिमंडळातून काढून आठवडाही झाला नव्हता, आणि त्यांचा शेतकरी मेळावा दिल्लीत ९ ऑगस्टला भरायचा होता. तारखा पाहिल्या तर हा आरोप अगदीच हवेतला नाही, असे आम्हांलाही वाटते. पण आम्ही दाखल्यांच्या समाजात वाढलो. एखादी न्याय्य गोष्ट चाळीस वर्षांनी, सोयीच्या तारखेला का होईना, कोणी केली, तर ती सोयीची होती म्हणून परत करावी, असे आम्हांला कधी वाटले नाही. त्यांचा दोष दाखवायचा तर तो दुसरीकडे दाखवावा. घोषणेपूर्वी लोकांची मने तयार करण्याचे काम झाले नाही. विद्यापीठांतील मुलांशी कोणी बोलले नाही. उत्तरेत तरुणांनी स्वतःला पेटवून घेतले. ती मुले आमच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी होती. त्यांची छायाचित्रे एक दिवस उशिरा येणाऱ्या वृत्तपत्रात पाहून आमच्या भोजनगृहात कोणी जेवले नाही, असे नाही. जेवलो, पण बोललो नाही.

आमच्या तालुक्याच्या गावीही महाविद्यालयातील मुलांचा मोर्चा निघाला. त्यात तेली, माळी, कुणबी समाजातील बरीच मुले घोषणा देत होती. त्यांच्यासाठीच तो अहवाल होता, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मोर्चा आपल्या विद्यालयाच्या फाटकासमोर थोडा वेळ थांबला आणि काही दगड आत आले. दुसऱ्या दिवशी आमच्या इतिहासाच्या सरांनी, जे स्वतः माळी समाजाचे होते, वर्गात फळ्यावर ३४० हा आकडा लिहिला आणि तास संपेपर्यंत त्यावरच बोलले. पुढे त्यांच्याच पुतणीला केंद्राच्या नोकरीत त्या सत्तावीस टक्क्यांतून जागा मिळाली. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांनी हे आम्हांला आपणहून सांगितले, आणि मोर्चात दगड मारणाऱ्यांत आपला भाऊही होता, हेही.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये अंमलबजावणीला स्थगिती दिली. सोमनाथहून निघालेली रथयात्रा बिहारात समस्तीपूरला अडवली गेली, लालकृष्ण अडवाणींना अटक झाली आणि भाजपने पाठिंबा काढला. ७ नोव्हेंबर १९९० रोजी लोकसभेत विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने १४२ आणि विरोधात ३४६ मते पडली. बाबरी मशिदीच्या प्रश्नावर थोडी डोळेझाक केली असती तर सरकार आणखी काही महिने टिकले असते. ती त्यांनी केली नाही. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९९२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ते सत्तावीस टक्के मान्य केले, उन्नत गटाला वगळण्याची आणि एकूण पन्नास टक्क्यांची मर्यादा घालून. त्या पीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. त्यानंतर जे जे पक्ष सत्तेवर आले, त्यांपैकी कोणीही ही तरतूद मागे घेण्याची भाषा केली नाही.

काश्मीरच्या प्रश्नावर त्यांच्या सरकारचे पाऊल डळमळीत पडले, पक्ष सांभाळणे त्यांना जमले नाही, हे खरेच आहे. १९९६ मध्ये संयुक्त आघाडीने त्यांना पुन्हा पंतप्रधानपद देऊ केले, तेव्हा नेते घरी येणार हे कळताच ते घरातून निघून गेले आणि कोणाच्या हाती लागले नाहीत; मग देवेगौडा पंतप्रधान झाले. बाबरी पाडल्यानंतरच्या दंगलींच्या काळात त्यांनी मुंबईत उपोषण केले, आणि त्यानंतर मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांची पाठ सोडली नाही. रक्ताच्या कर्करोगाची भर पडली. तरीही डायलिसिसच्या दोन वाऱ्यांच्या मधल्या दिवसांत ते दिल्लीतील झोपडपट्ट्या हटवण्याविरुद्ध उभे राहत.

२७ नोव्हेंबर २००८ रोजी ते दिल्लीत गेले. त्या दिवशी मुंबईत ताजमहाल हॉटेल जळत होते, आणि आम्ही सारे, जे नोकरीनिमित्त मुंबई, नागपूर, पुणे येथे होतो, दूरदर्शन संचासमोर बसलो होतो. पडद्याच्या तळाशी त्यांच्या निधनाची ओळ सरकत गेली. आमच्यातील एकाने ती वाचली. त्याने कोणाला दूरध्वनी केला नाही. आपल्या समाजाच्या कोणत्या शहरात शोकसभा झाली असेलही. आम्ही तिला गेलो नाही. पुढे चेन्नईला प्रेसिडेन्सी महाविद्यालयात त्यांचा पुतळा उभा राहिला, २७ नोव्हेंबर २०२३ रोजी. तामिळनाडूने केले ते आपण केले नाही, हे आम्ही लाजेने नोंदवतो.

एक गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे. त्या कायद्याने आमचा गुंता पूर्ण सुटला, असे नाही. केंद्राच्या सवलतीसाठी आजही आमच्या मुलांना आपली मूळ जात सिद्ध करावी लागते. ज्या नावाचा त्याग करून आजोबा नागपूरहून परतले, ते नाव दाखल्यावर राहतेच. धर्म लपवावा लागत नाही, पण जात दाखवावी लागते. आमच्यातील जे आता पालक आहेत, त्यांना हा रकाना भरताना पेन क्षणभर थांबवावे लागते.

त्या दोन पालकांचे पुढे काय झाले, हे वाचकांनी विचारायच्या आधी सांगतो. १९९१ च्या निरोप समारंभाला दोघेही आले होते. जेवणाच्या पंगतीत जागा कमी पडली म्हणून दोघांना शेजारी बसावे लागले. विड्या वळणाऱ्यांनीच तोंड उघडले. "मी नाई लेहलं, तुवा लेहलं," ते म्हणाले, "पोट्टे तं दोघाईचे एकाच पंगतीत जेवतेत." कारखान्यातल्यांनी काही उत्तर दिले नाही, फक्त आपल्या पत्रावळीतील जिलबी उचलून त्यांच्या पत्रावळीत ठेवली. दोघेही आज हयात नाहीत. त्यांच्या मुलांपैकी एक आता टपाल खात्यात आहे, दाखल्यावर बौद्ध असे लिहून.

मागच्या वर्षी आमची तुकडी विद्यालयात जमली तेव्हा नववीच्या मुलांना आम्ही विश्वनाथ प्रताप सिंह कोण, असे विचारले. कोणाला सांगता आले नाही. मग आम्ही सांगितले, तर एका मुलीने विचारले, "ते बौद्ध होते का?" नव्हते, राजे होते, असे उत्तर ऐकून ती थोडी गोंधळली आणि तिने पुन्हा विचारले, "मग त्यांनी का केलं?" त्या मुलीला तेथे पुरेसे उत्तर आम्हांला देता आले नाही, म्हणून हा लेख.

तुकडीच्या वर्गणीतून त्यांची एक तसबीर करून घेतली आहे. ती सभागृहात लावावी की ग्रंथालयात, यावर मतभेद आहेत. काहींचे म्हणणे, बुद्ध, फुले, शाहू, सावित्रीबाई, रमाई आणि बाबासाहेब यांच्या ओळीत दुसऱ्या कोणाला जागा देऊ नये, आणि ते म्हणणे आम्हांला अगदीच अमान्य नाही. तूर्त ती कार्यालयात, दाखल्यांच्या कपाटाशेजारी, भिंतीला टेकवून ठेवली आहे. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत निर्णय व्हायचा आहे.